ज्या नळीतून आज इन्सुलिन शुद्ध होतं, ती शोधणाऱ्या त्स्वेतला केमिस्ट लोकांनी खिजगणतीतही धरलं नव्हतं

डायबेटिसचे पेशंट रोज जे इन्सुलिन टोचून घेतात ते आज बॅक्टेरिया किंवा यीस्टकडून तयार करून घेतलं जातं. बॅक्टेरियाने इन्सुलिन बनवलं, इथपर्यंत ठीक. पण बॅक्टेरिया फोडला की एकटं इन्सुलिन बाहेर येत नाही. त्याच्यासोबत बॅक्टेरियाची स्वतःची हजारो प्रोटीन्स, डीएनए आणि बाकीचा गाळ असा सगळा काला हातात पडतो. या काल्यातून नेमकं एकच प्रोटीन उचलायचं आणि तेही न बिघडवता.

यातली खरी अडचण शेवटच्या दोन शब्दांत आहे. प्रोटीन हा फार नाजूक प्रकार. अंडं उकडलं की पांढरं होतं आणि थंड केलं तरी पुन्हा पातळ होत नाही, हे आपण रोज बघतो. उष्णता दिली, आम्ल टाकलं, कडक रसायन वापरलं की प्रोटीनची घडी मोडते आणि त्याचं काम संपतं. मीठ किंवा साखर शुद्ध करायच्या युक्त्या इथे चालत नाहीत.

मग लॅबमध्ये काय करतात? एक उभी नळी घेतात. तिच्यात बारीक दाणे ठासून भरतात. वरून तो काला ओततात, मागून द्रव सोडत राहतात आणि खालून थेंब थेंब गोळा करतात. काही प्रोटीन्स दाण्यांना धरून राहतात, काही सरळ निघून जातात. प्रत्येकाची खाली पोहोचायची वेळ वेगळी. याला म्हणतात क्रोमॅटोग्राफी.

ही नळी ज्या माणसाच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत. आयुष्यभर तो प्रोटीनच्या नाही, झाडाच्या पानांच्या मागे होता.

त्स्वेतचा जन्म १४ मे १८७२ चा, इटलीतल्या आस्ती या गावातला. वडील रशियन, आई इटालियन. बाळ जन्मलं आणि थोड्याच दिवसांत आई गेली. वडिलांना रशियाला परतावं लागलं आणि मिखाईल स्वित्झर्लंडमध्ये वाढला. शाळा, कॉलेज सगळं तिकडेच. १८९६ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातून वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट मिळाली तेव्हा वय होतं अवघं २४.

त्याच वर्षी ते वडिलांच्या मागे रशियाला, सेंट पीटर्सबर्गला आले. इथे पहिला दणका बसला. जिनिव्हाची डॉक्टरेट रशियात चालत नव्हती. विद्यापीठात शिकवायचं तर रशियन डिग्रीच पाहिजे, असा तिथला नियम. परदेशातून डिग्री घेऊन आलेल्या माणसाला इकडे पुन्हा परीक्षा द्यायला लावतात तशातलाच हा प्रकार. त्स्वेत यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९०१ मध्ये कझान विद्यापीठातून मास्टर्सची डिग्री घेतली. मधली वर्षं मिळेल तिथे काम करण्यात आणि शिकवण्यात गेली.

पुढे वॉर्सा विद्यापीठात जागा मिळाली. आज पोलंडची राजधानी असलेलं वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. १९०२ मध्ये त्स्वेत तिथल्या वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून रुजू झाले.

डोक्यात मात्र एकच प्रश्न घोळत होता. पान हिरवं दिसतं, पण त्या हिरव्या रंगात नक्की किती रंग आहेत?

प्रश्न साधा वाटतो, पण त्या काळात यावर हाणामारी चालू होती. केमिस्ट लोकांची पद्धत ठरलेली. पानं अल्कोहोलमध्ये उकळायची, आम्ल किंवा अल्कली टाकायची, साका बसवायचा, स्फटिक काढायचे आणि जे हाती येईल त्याला क्लोरोफिल म्हणायचं. त्स्वेत यांचा आक्षेप असा की, एवढं सगळं केल्यावर हातात जे येतं ते पानातलं क्लोरोफिल कशावरून? कदाचित ते तुम्ही भांड्यात तयार केलेलं दुसरंच काही असेल. त्यांना रंग पानात जसा असतो तसाच, एक कण न बदलता बघायचा होता.

त्यांना पहिला धागा सापडला तो एका विचित्र गोष्टीत.

पेट्रोलियम इथर नावाचा एक द्रव असतो. शुद्ध करून बाहेर काढलेलं क्लोरोफिल त्यात मजेत विरघळतं. पण तोच द्रव पानांवर ओतला तर पिवळं कॅरोटीन तेवढं बाहेर येतं आणि हिरवा रंग पानातच बसून राहतो. त्यात थोडं अल्कोहोल टाकलं की हिरवा रंग लगेच सुटतो. विरघळणारी वस्तू विरघळत का नाही?

बाकीच्यांनी यावरून वेगवेगळे तर्क लढवले होते. त्स्वेत यांनी काय केलं, तर पान बाजूलाच ठेवलं. साधा फिल्टर पेपर घेतला, तो पानाच्या रंगांच्या द्रावणात भिजवला आणि वाळवला. मग त्यावर पेट्रोलियम इथर ओतलं. अगदी पानासारखंच झालं. पिवळा रंग निघून गेला, हिरवा कागदाला चिकटून राहिला. अल्कोहोल टाकल्याबरोबर तोही सुटला.

म्हणजे पानात कुठलं गूढ रासायनिक बंधन वगैरे नव्हतं. रंगाचे रेणू पेशींमधल्या पदार्थांच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून बसले होते. याला अधिशोषण म्हणतात. आणि महत्त्वाचं म्हणजे सगळे रंग सारख्या जोराने चिकटत नव्हते. कुणाची पकड घट्ट, कुणाची सैल.

आता हा फरकच वापरला तर?

त्स्वेत यांनी शंभराहून जास्त प्रकारच्या पावडरी तपासल्या. रोजच्या कामाला सगळ्यात बरी ठरली कॅल्शियम कार्बोनेटची पूड, म्हणजे खडू ज्याचा बनतो ते. ही पूड त्यांनी बारीक काचेच्या नळीत ठासून भरली. वरून पानांच्या रंगांचं द्रावण ओतलं आणि मागून स्वच्छ द्रव सोडत राहिले.

नळीत रंगांचे पट्टे पडायला लागले. पिवळं कॅरोटीन पुडीला जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे ते पहिल्यांदा खालून निघून गेलं. मागे नळीत हिरव्याचे दोन पट्टे दिसू लागले, एक पिवळसर हिरवा आणि त्याच्या खाली एक निळसर हिरवा. पिवळ्याचेही एकापेक्षा जास्त पट्टे वेगळे झाले. पट्टे नीट सुटे झाले की ते पुडीचा तो दांडा नळीतून अख्खा बाहेर ढकलायचे, चाकूने पट्टा पट्टा कापायचे आणि प्रत्येक तुकड्यातला रंग अल्कोहोलने धुऊन घ्यायचे. ना उकळणं, ना आम्ल, ना स्फटिक. रंग जसा आत गेला तसाच बाहेर आला.

मार्च १९०३ मध्ये वॉर्साच्या निसर्ग अभ्यासकांच्या सभेत त्यांनी या अधिशोषणाच्या युक्तीवर व्याख्यान दिलं. क्रोमॅटोग्राफीचा जन्म साधारण तिथून धरतात. १९०६ मध्ये जर्मनीच्या वनस्पतीशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचे दोन पेपर आले आणि त्यात या पद्धतीला नाव मिळालं, क्रोमॅटोग्राफी. ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग आणि ग्राफीन म्हणजे लिहिणं. गंमत अशी की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग. त्यामुळे पठ्ठ्याने गुपचूप आपलं आडनावच त्यात घुसवलं, असं आजही बरेच जण गमतीने म्हणतात.

त्या पेपरमध्ये नावापेक्षाही मोठी एक गोष्ट होती. हा नियम फक्त पानाच्या रंगांना लागू नाही, रंगीत असोत की बिनरंगी, सगळ्या प्रकारच्या पदार्थांना तो लागू पडला पाहिजे, असं त्स्वेत यांनी तिथे स्पष्ट मांडलं होतं. प्रोटीन्स बहुतेक बिनरंगीच असतात. म्हणजे पन्नास वर्षांनी जे होणार होतं त्याचं दार त्यांनी तेव्हाच उघडं करून ठेवलं होतं. त्यातून आत कुणी शिरलं नाही, हा भाग वेगळा.

का शिरलं नाही? याची कारणं बरीच आहेत आणि सगळा दोष एकाच्या माथी मारता येत नाही.

एक तर त्स्वेत वनस्पतीशास्त्राचे. त्यांचे पेपर छापून आले तेही वनस्पतीशास्त्राच्या नियतकालिकात, जे केमिस्ट लोक फारसे उघडत नव्हते. १९०७ मध्ये त्यांनी बर्लिनला जाऊन जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञांसमोर नळीतले रंगीत पट्टे प्रत्यक्ष दाखवले, पण तिथेही समोर बसले होते ते वनस्पतीवालेच. क्राकोचे मार्खलेव्स्की हे क्लोरोफिलवर काम करणारे तेव्हाचे नावाजलेले केमिस्ट. त्यांनी त्स्वेत यांच्यावर जाहीर टीकेची झोड उठवली. त्स्वेतही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांची उत्तरं बोचरी असायची. वाद वाढत गेला आणि पद्धत बाजूला पडली.

दुसरं नाव रिचर्ड विलस्टेटर यांचं. हा माणूस म्हणजे त्या काळातला रंगद्रव्यांचा शेवटचा शब्द. वनस्पतींच्या रंगांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. त्यांनी त्स्वेत यांची पद्धत करून बघितली, पण त्यांनी वापरलेल्या पुडीत क्लोरोफिल बिघडलं. त्स्वेत शंभर पावडरी तपासून ज्या सौम्य पुडीवर पोहोचले होते, तो सौम्यपणाच इथे सुटला होता. पण विलस्टेटर म्हणतात क्लोरोफिल नळीत टिकत नाही, म्हटल्यावर बाकीच्यांना वेगळा पुरावा नको होता. क्लोरोफिल दोन प्रकारचं असतं हे त्स्वेत यांचं म्हणणं पुढे विलस्टेटर यांनीही आपल्या वेगळ्या पद्धतीने मान्य केलं. उत्तर स्वीकारलं गेलं, ते ज्या नळीतून आलं ती मात्र नाही.

तिसरं कारण भाषेचं. १९१० मध्ये त्स्वेत यांनी आपलं सगळं काम एका मोठ्या ग्रंथात घातलं. त्यावर त्यांना रशियन डॉक्टरेट मिळाली, पुढे विज्ञान अकादमीचं पारितोषिकही मिळालं. पण ग्रंथ होता रशियनमध्ये. तेव्हा रसायनशास्त्राची भाषा होती जर्मन. कॅरोटिनॉइड हा शब्द आज व्हिटॅमिनच्या डब्यांवरही असतो, तोही १९११ मध्ये त्स्वेत यांनीच वापरात आणलेला. पण किती जणांना माहीत आहे?

मधल्या काळात त्यांची नोकरी वॉर्सातच एका संस्थेतून दुसरीत गेली. १९०७ मध्ये हेलेना यांच्याशी लग्न झालं. १९०८ पासून ते वॉर्साच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले. गाडी रुळावर येतेय असं वाटत होतं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं.

१९१५ मध्ये जर्मन फौजा वॉर्सात घुसल्या. पॉलिटेक्निक गुंडाळून आधी मॉस्कोला, मग निझनी नोव्हगोरोदला हलवण्यात आलं. लॅब, पावडरी, नळ्या आणि कागदपत्रं यांचं या धावपळीत काय झालं असेल याचा अंदाज कुणालाही येईल. त्या काळात त्स्वेत यांचा जास्त वेळ संशोधनापेक्षा संस्था नव्या जागी उभी करण्यातच गेला. तब्येतही साथ देत नव्हती.

१९१७ मध्ये शेवटी त्यांना हवं ते मिळालं. तार्तू विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्रोफेसर आणि तिथल्या बोटॅनिकल गार्डनचे संचालक. आयुष्यातली पहिली मानाची, कायमची जागा. वय ४५. आजच्या एस्टोनियातलं हे शहर तेव्हा युर्येव म्हणून ओळखलं जायचं. पण १९१८ मध्ये जर्मन फौजा तिथेही पोहोचल्या. विद्यापीठातल्या रशियन लोकांना पुन्हा बोचकी बांधावी लागली आणि त्यांची रवानगी झाली शेकडो मैल दूर व्होरोनेझला. रशियात क्रांती होऊन गेलेली, यादवी युद्ध चाललेलं.

त्याच १९१८ साली एका डच प्राध्यापकाने रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी त्स्वेत यांचं नाव सुचवलं होतं. त्या वर्षीचं नोबेल फ्रिट्झ हेबर यांना गेलं.

२६ जून १९१९ ला व्होरोनेझमध्ये त्स्वेत गेले. वय ४७. पुढची बारा वर्षं त्यांची नळी जवळपास विस्मरणात गेली. अमेरिकेत लेरॉय पामर नावाचे एक संशोधक दूध आणि लोण्यातला पिवळा रंग कुठून येतो हे शोधायला ती वापरत होते आणि १९२२ मध्ये त्यांनी कॅरोटिनॉइडवरच्या आपल्या पुस्तकात त्स्वेत यांच्या पद्धतीची नीट दखल घेतली, असे अपवाद मोजकेच.

आता या गोष्टीतलं सगळ्यात भारी वळण. विलस्टेटर यांनी त्स्वेत यांचा रशियन ग्रंथ वाचता यावा म्हणून खास आपल्यासाठी त्याचं जर्मन भाषांतर करून घेतलं होतं. पद्धत पटली नाही, पण भाषांतर त्यांनी फेकून दिलं नाही. ते त्यांचे विद्यार्थी रिचर्ड कून यांच्याकडे गेलं. १९३० च्या सुमारास कून यांच्या हायडेलबर्गच्या लॅबमध्ये एडगर लेडरर नावाचा विशीतला पोरगा काम करत होता. गाजराचं कॅरोटीन एकच आहे की त्यात दोन-तीन प्रकार मिसळलेत, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याने पामर यांच्या पुस्तकात त्स्वेतचं नाव वाचलं, मग कून यांच्याकडचं ते भाषांतर वाचलं आणि नळी भरली. १९३१ मध्ये कॅरोटीनचे दोन प्रकार नळीत समोरासमोर वेगळे झाले.

त्यानंतर काही वर्षांत युरोपभरच्या लॅबमध्ये नळ्या उभ्या राहिल्या. कॅरोटिनॉइड आणि व्हिटॅमिनवरच्या कामासाठी कून यांना १९३८ चं नोबेल मिळालं. ज्या माणसाने पद्धत नाकारली, त्याच्याच कपाटातल्या कागदांतून ती परत आली.

विलस्टेटर यांना मात्र या गोष्टीचा खलनायक करायला नको. ते मोठे शास्त्रज्ञ होते आणि विद्यापीठातल्या ज्यूविरोधी वातावरणाचा निषेध म्हणून १९२४ मध्ये त्यांनी म्युनिकची प्रोफेसरकी सोडून दिली होती. पण पुढची गोष्ट मात्र खरी की ते एन्झाइम शुद्ध करायला ॲल्युमिनाच्या लगद्यावर चिकटवून सोडवायची युक्तीच वापरत होते आणि तरीही एन्झाइम म्हणजे प्रोटीन नव्हेच, यावर ठाम होते. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी युरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढून ते प्रोटीनच असल्याचं दाखवलं, तेही विलस्टेटर यांना पटलं नाही.

प्रोटीन्सना नळीत यायला मात्र अजून वेळ लागला. रंगांसाठी चालणाऱ्या कोरड्या पावडरी प्रोटीनला सोसत नव्हत्या. एकदा चिकटलं की सुटायचं नाही, सुटलंच तर घडी मोडलेली असायची. प्रोटीनला पाण्यात राहायचं असतं आणि धरायला मऊ हात लागतो. १९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज या इंग्रज जोडीने पद्धतीचा एक नवा प्रकार काढला, तो लोकरीच्या प्रोटीनमधले अमिनो आम्लं वेगळे करताना. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. पण ते प्रोटीनचे तुकडे होते, अख्खं प्रोटीन नव्हतं.

अख्ख्या प्रोटीनसाठी १९५० च्या दशकात अमेरिकेत पीटरसन आणि सोबर यांनी सेल्युलोजवर विद्युतभार असलेले गट जोडले. ऋणभाराची प्रोटीन्स धनभाराच्या सेल्युलोजला हलकेच चिकटतात आणि मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की एकेक करून सुटतात. सेल्युलोज म्हणजे फिल्टर पेपर ज्याचा बनतो तेच. त्स्वेत यांना पहिला धागा मिळाला होता तोही फिल्टर पेपरवरच.

१९५९ मध्ये स्वीडनच्या पोराथ आणि फ्लोडिन यांनी वेगळीच युक्ती काढली. दाणे असे बनवले की त्यांना सूक्ष्म भोकं आहेत. लहान प्रोटीन्स भोकात शिरतात, रेंगाळतात आणि उशिरा बाहेर येतात. मोठी आत मावतच नाहीत, म्हणून ती बाहेरून सरळ खाली जातात. म्हणजे इथे मोठा आधी पोहोचतो. १९६८ पासून त्याहून नेमका प्रकार रुळला. ज्या प्रोटीनची जी जोडीदार वस्तू, तीच दाण्यावर बांधून ठेवायची. हजारोंच्या गर्दीतून ते एकच प्रोटीन थांबतं, बाकी सगळं वाहून जातं. कॅन्सरवर दिली जाणारी अँटिबॉडीची औषधं आज अशाच नळीतून काढतात आणि तिथे दाण्यावर बसवलेलं असतं ते एका बॅक्टेरियाचं, अँटिबॉडी पकडणारं प्रोटीन.

लॅबमध्ये यातले दोन-तीन प्रकार एकापाठोपाठ लावतात, बहुतेक वेळा चार अंश सेल्सिअसच्या थंडीत, म्हणजे प्रोटीन बिघडत नाही. औषधांच्या कारखान्यात हेच काम दोन मीटरपर्यंत रुंद कॉलममध्ये चालतं. त्स्वेत यांची नळी बोटापेक्षा बारीक होती.

या कॉलममध्ये रंगीत पट्टे मात्र दिसत नाहीत, कारण प्रोटीनला रंग नाही. खालून पडणाऱ्या द्रवातून अतिनील प्रकाश सोडतात. प्रोटीन आलं की तो प्रकाश शोषला जातो आणि स्क्रीनवर रेषेचा डोंगर वर चढतो, प्रोटीन संपलं की खाली उतरतो. त्या आलेखाला क्रोमॅटोग्राम म्हणतात. १९०६ च्या पेपरमध्ये त्स्वेत यांनी हा शब्द खडूच्या पुडीत उमटलेल्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांसाठी वापरला होता.